बेसमेंटमधला कोट

मी एक जुना लष्करी कोट आहे. रंग वाळलेल्या शेवाळासारखा. समोर चार मोठे खिसे, आत बटणांनी लावता-काढता येणारं अस्तर, आणि मध्ये एक चेन, जी आता अर्ध्यावर अडते. छातीवर एक कापडी पट्टी शिवलेली आहे. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत 'नोव्हॅक' असं लिहिलंय. ते माझं नाव नाही, आणि ज्या माणसाने मला पन्नासपेक्षा जास्त वर्षं वापरलं त्याचंही नाही.

कोरियात लढाई चालू असताना माझा जन्म झाला. माझ्यासारखे हजारो एका कारखान्यात एकाच मापाने कापले गेले. नोव्हॅक मिशिगनचा मुलगा होता. त्याच्याबद्दल मला एवढंच आठवतं, की थंडीत तो दोन्ही हात काखेत घालून बसायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. तो जिवंत परत आला. घरी आल्यावर त्याने मला गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवलं आणि पुन्हा कधी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे त्याच्या बहिणीने गॅरेज झाडायला काढलं आणि मला अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावातल्या एका दुकानात देऊन टाकलं. सैन्याचा जुना माल स्वस्तात विकणारं दुकान होतं ते.

तिथे मला फार दिवस लटकावं लागलं नाही. तोवर दुसरी लढाई सुरू झाली होती आणि विद्यापीठातली मुलं तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. गंमत अशी, की ज्या मुलांना लढाई नको होती ती लढाईचेच कपडे घालून फिरायची. माझे जुने सोबती एकेक करून खांद्यावर येणाऱ्या केसांखाली बाहेर पडले.

माझं गिऱ्हाईक मात्र वेगळं निघालं. चारुदत्त पुण्याहून इंजिनियरिंग शिकायला आलेला, आईने विणलेल्या स्वेटरात कुडकुडणारा मुलगा. त्याला लढाईशी देणंघेणं नव्हतं, त्याला थंडी वाजत होती. दुकानातला सगळ्यात जाड आणि सगळ्यात स्वस्त कोट मी होतो. बस्स.

मला घालून तो बाहेर पडला, तर समोरून येणाऱ्या एका दाढीवाल्याने हसून त्याला शांततेची खूण म्हणून दोन बोटं वर करून दाखवली. शाळेत दोन बोटं दाखवून मुलं कशाची परवानगी मागतात ते चारुदत्तला चांगलं माहीत होतं. त्याने घाईघाईने ग्रंथालयाच्या इमारतीकडे हात केला आणि म्हणाला, "आत गेल्यावर डावीकडे." दाढीवाला इतका हसला, की त्याने चारुदत्तच्या गळ्यात हात टाकला, माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "चल नोव्हॅक, कॉफी पिऊ."

अशी सुरुवात झाली. माझ्यामुळे ती मंडळी त्याला आपलाच समजली. त्यानेही कधी कोणाची चूक सुधारली नाही. सभांना, मोर्चांना, गिटारच्या मैफलींना नोव्हॅक हजर असायचा. कोपऱ्यात बसायचा, दिलेला चहा प्यायचा, आणि खोलीवर परतल्यावर मला अंगावर ठेवूनच मराठीत लिहायला बसायचा.

तिथूनच त्याला ते शेत सापडलं. गावाबाहेरच्या एका जुन्या शेतघरात वीसएक तरुण पोरंपोरी एकत्र राहत होती. कोणाचं काही स्वतःचं नाही, सगळं सगळ्यांचं, अशी त्यांची रीत. चारुदत्त दोन वर्षं शनिवार-रविवार तिथे जात राहिला. ओसरीच्या पायरीवर बसून तो माणसं बघायचा. मी पाहिलंय, बोलणाऱ्याकडे तो क्वचितच बघे. बोलणाऱ्याचं ऐकणाऱ्याकडे बघे.

मग शिक्षण संपलं, डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत ब्रेकचं डिझाइन करायची नोकरी लागली. त्याने पुण्याला जाऊन लग्न केलं, आणि सुवर्णा डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या घरी आली. मला पाहून ती म्हणाली, "ही गोधडी आपली आहे?"

"थंडीत बरी पडते," चारुदत्त म्हणाला.

"माझ्यासमोर घालून बाहेर निघू नका म्हणजे झालं."

तेव्हापासून मी बेसमेंटमध्ये राहू लागलो. त्याचं लिहायचं टेबलही तिथेच होतं. बेसमेंट गार असायचं, म्हणून जेवण झालं की तो खाली येई, मला अंगावर चढवी आणि लिहायला बसे. त्याच्या सहाही कादंबऱ्या माझ्या बाह्यांतून गेल्या आहेत असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

पहिली कादंबरी सुवर्णा आल्यानंतर वर्षभरात निघाली. त्यात विद्यापीठाशेजारच्या एका घरात राहणारी मराठी मुलं होती. त्यातला एक मुलगा हॉटेलात भांडी घासायचा आणि नागपूरला पत्रांतून कळवायचा, की मला मोठी नोकरी लागली आहे. चारुदत्तने नाव बदललं होतं, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं की हा अतुल. अतुल त्याचा खोलीतला सोबती. तोवर त्याचंही बस्तान बसलं होतं. त्याची बायको कांचन ही सुवर्णाची अमेरिकेतली पहिली मैत्रीण, आणि एकुलती एक. बर्फात गाडी कशी चालवायची इथपासून दही कशाने लागतं इथपर्यंत सगळं तिने शिकवलेलं.

पुस्तक नागपूरला अतुलच्या सासऱ्यांच्या हातात पडलं. पुढच्याच आठवड्यात एका वास्तुशांतीच्या जेवणात अतुल ताटावरून उठला आणि कांचनला घेऊन निघून गेला. त्या दिवशी सुवर्णा लग्नानंतर पहिल्यांदाच बेसमेंटच्या पायऱ्या उतरून आली. अजून पैठणीतच होती.

"ती फोन ठेवून देतेय माझा," ती म्हणाली. "मी काय केलं होतं?"

चारुदत्तने पेनाला टोपण लावलं.

"लिहा तुम्ही. मी नाही म्हणत नाही. पण आपला माणूस लिहायचा नाही यापुढे. आणि मला तर नाहीच. आणि मी वाचणारही नाही एक अक्षर, सांगून ठेवते."

दोघांनी शब्द पाळला. तिने वाचलं नाही, आणि चारुदत्तने पुढच्या पाच कादंबऱ्यांत एकही मराठी माणूस आणला नाही. त्याने त्या शेतावरच्या पोरापोरींबद्दल लिहिलं. सैन्यात जायचं टाळायला नदी ओलांडून कॅनडात गेलेल्या मुलाबद्दल लिहिलं. पुढे तीच माणसं केस कापून विम्याच्या पॉलिसी विकू लागली, त्याबद्दल लिहिलं, आणि शेवटी म्हाताऱ्यांच्या आश्रमात जुनी गाणी गुणगुणत बसलेल्या त्यांच्या पांढऱ्या वेण्यांबद्दल. त्यांची खरी नावंसुद्धा तो बदलेनासा झाला. मराठी त्यांच्यातलं कोण वाचणार होतं?

पुस्तकं पुण्यात छापली जायची. तिकडच्या वाचकांना ही माणसं परकी वाटत, आणि इकडच्या मराठी मंडळात दिवाळीच्या जेवणाला कोणी ना कोणी विचारीच, "चारुदत्तकाका, आमच्यावर कधी लिहिणार?" तो हसून ताट पुढे करायचा.

त्याला दोन मुलं झाली, हिमानी आणि निमिष. त्यांना मी बाबांचा कोट म्हणून माहीत होतो, कारण खाली डोकावलं की त्यांना माझीच पाठ दिसायची. लहानपणी हिमानी पायरीवर बसून विचारायची, "बाबा, आर यू डन?" तो म्हणायचा, "एवढं पान." एवढं पान कधी संपायचं नाही. ती उठून वर जायची.

गेल्या जानेवारीत चारुदत्त गेला.

तेराव्यानंतर सुवर्णाने त्याचे कपडे वाटायला काढले. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नाहीत, ते कोणाच्या तरी अंगाला लागले पाहिजेत, हे तिचं ठाम मत. शर्ट गेले, सूट गेले. मी बेसमेंटमध्ये होतो, म्हणून राहिलो. पुढे ठरलं, की घर विकायचं आणि सुवर्णाने टेक्ससमध्ये शुगर लँडला निमिषकडे जायचं. आवराआवर करायला जवळच्याच नोव्हाय गावाहून हिमानी येऊ लागली. तिने आता पन्नाशी ओलांडली आहे.

बेसमेंटमध्ये चारुदत्तच्या पुस्तकांची खोकी एकावर एक रचलेली होती. प्रकाशकाने शिल्लक प्रती पाठवून दिल्या होत्या. हिमानीने एका खोक्यावर टेकून निमिषला फोन लावला.

"शनिवारी जंकवाला येतोय. याचं काय करू?"

"मंडळाला दे ना," स्पीकरवर निमिष.

"त्यांनी दोन सेट घेतले. म्हणाले, जागा नाही."

"मग यार, तूच ठरव. तुझ्याकडे ठेवणार? तुझा काँडो केवढासा."

"जागेचा प्रश्न नाहीये रे." तिने खोक्यावरची धूळ पुसली. "बाबांनी आपल्या सगळ्या संध्याकाळी या लोकांना दिल्या. हू आर दे? मी ओळखत नाही त्यांना. त्यात आपण कुठेच नाही, आई नाही, एक ओळ नाही. मी हे आयुष्यभर का सांभाळायचं?"

मी हूकवरून सगळं ऐकत होतो. खोकी कचऱ्यात जाणार आणि त्यांच्या मागोमाग मीही, हे मला दिसत होतं. पण मला भीती वाटली ती हिमानीची. पुस्तकं टाकली असती तर ती बापालाही त्या दिवशी पुरतं टाकून मोकळी झाली असती.

त्याच आठवड्यात एक इमेल आला. हिमानीने चारुदत्तच्या निधनाची बातमी इंटरनेटवर दिली होती, तिच्यासोबत त्याचा तरुणपणीचा एक फोटो. फोटोत मी होतो. कॅरल नावाच्या एका बाईने लिहिलं होतं, 'हा कोट मी ओळखते. याला आम्ही नोव्हॅक म्हणायचो. मी भेटायला येऊ का?'

शुक्रवारी दुपारी ती आली. अठ्ठ्याहत्तरची, काठी घेऊन, पांढरे केस पोरासारखे बारीक कापलेले. हिमानीने मला खोक्यांबरोबर वर आणून खुर्चीच्या पाठीवर टाकलं होतं. कॅरलने आधी माझ्याशी हस्तांदोलन केलं. खरंच, माझी बाही धरून हलवली.

"त्या दिवसांत मी स्वतःचं नाव विलो ठेवलं होतं," ती म्हणाली. "प्रत्येकाने काहीतरी ठेवलंच होतं. एक होता, त्याचं नाव मंगळवार."

सुवर्णा हसली आणि चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघर आणि जेवायची जागा यांच्यात फक्त एक ओटा, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

"त्याने आमच्यावर लिहिलं, असं मी बातमीत वाचलं," कॅरल म्हणाली. "पन्नास वर्षं माझ्यावरचं पुस्तक जगात आहे आणि मला ते वाचता येत नाही. तू वाचून दाखवशील?"

हिमानी ओशाळली. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं तिला बोट ठेवून वाचावं लागतं. पण तिने खोकं फोडलं, दुसरी कादंबरी काढली, पानं उलटत विलो हे नाव शोधलं, आणि एकेक वाक्य वाचून त्याचं इंग्रजी करत निघाली.

त्यात होतं, की एका हिवाळ्यात रस्त्याने जाणाऱ्या कोणा पाहुण्याला शेतावरच्या मंडळींनी विलोचे बूट देऊन टाकले. सगळं सगळ्यांचं होतं ना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, विलोही हसली. 'पण त्यानंतर वसंत येईपर्यंत,' हिमानीने वाचलं, 'विलो कोणाशीही बोलताना त्याच्या पायांकडे बघत असे.'

कॅरलने काठी भिंतीला टेकवून ठेवली. "हे कोणालाच कळलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, कोणालाच कळलं नाही." मग, "आणि तो लबाड पायरीवर बसून बघत होता. मला एका शब्दाने म्हणाला नाही!"

"घरातही म्हणत नसत," ओट्यामागून सुवर्णा इंग्रजीत म्हणाली. "खाली जाऊन लिहीत."

दोघी हसल्या. हिमानी हसली नाही. तिने पान उलटलं.

"'विलो स्वयंपाक करताना...'" तिचं बोट अडखळत चाललं होतं. "'डावातला एक थेंब तळहातावर घ्यायची, चाटायची, क्षणभर डोळे मिटायची. मग मिठाचा डबा उचलायची किंवा नुसतीच मान हलवायची.'" तिने इंग्रजी करून सांगितलं.

"नाही," कॅरल म्हणाली. "हे मी नाही. तळहातावर कोण घेतं? गरम नाही का लागत? आणि मी स्वयंपाक करायचे ते कोणी खायचंच नाही, सगळ्या शेताचा तो विनोद होता. दुसरी कोणीतरी असेल."

हिमानीने मान वर केली. ओट्यापलीकडे सुवर्णाने नुकताच चहात साखर घातली होती, आणि चमच्यातला थेंब तिच्या तळहातावर होता. हात तसाच अधांतरी राहिला.

"पुढचं वाच," सुवर्णा मराठीत म्हणाली.

"आई..."

"वाच गं."

"'ओसरीवर सगळे स्वातंत्र्यावर बोलत बसले होते. आत ती एकटी होती. त्या अख्ख्या देशात तिला मनातलं सांगायला आता एकही बाई उरली नव्हती. ती तक्रार करत नसे. भांड्यावर झाकण मात्र फार हळू ठेवी, आवाज होऊ न देता, जणू घरात कोणी आजारी आहे.'"

"शेतावर आम्ही नऊ बायका होतो," कॅरल हळूच म्हणाली. "दिवसभर बडबड चालायची. ही कोण?"

चहा उतू गेला. हिमानीने धावत जाऊन गॅस बंद केला आणि ती आईशेजारी उभी राहिली. सुवर्णाने हात पदराला पुसला आणि बाहेर येऊन बसली, माझ्याच खुर्चीवर, त्यामुळे तिची पाठ मला टेकली. पाठ ताठ होती.

"मला लिहू नका म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"तुला राग आलाय?" हिमानीने विचारलं.

"येईल ना. का येऊ नये? शब्द दिला होता." तिने पुस्तक हिमानीच्या हातातून घेतलं आणि पहिलं पान उघडून छापल्याचं साल पाहिलं. "कांचन बोलेनाशी झाली, त्याच्यानंतरचं वर्ष आहे हे. तेव्हा वाटायचं, यांना काही दिसतच नाही. येतात, जेवतात, खाली जातात." तिने सालावरून अंगठा फिरवला. "तेव्हाच वाचायला हवं होतं का गं मी? भांडले तरी असते."

कॅरलला मराठी कळत नव्हतं, पण ती काही विचारायला गेली नाही. तिने आपली खुर्ची सुवर्णाजवळ ओढली. मग म्हणाली, "झाकण हळू का ठेवायचीस?"

"मोठ्याने ठेवलं असतं तर ते वर आले असते," सुवर्णा म्हणाली. "आणि मला रडताना बघितलं असतं."

शनिवारी जंकवाल्याने जुना सोफा नेला, बर्फ उपसायची फावडी नेली. पुस्तकांची खोकी हिमानीच्या गाडीत गेली. दोन फेऱ्या माराव्या लागल्या तिला. आता ती नोव्हायमध्ये रोज थोडं वाचते आणि रविवारी कॅरलला फोनवर इंग्रजी करून सांगते. कॅरल म्हणते, 'ही मीच.' किंवा म्हणते, 'ही तुझी आई.' विम्याची पॉलिसी विकणाऱ्या एका बाईची मुलगी पायरीवर बसून वाट बघते, असं चौथ्या कादंबरीत आहे. तिथे हिमानीने फोन ठेवून दिला होता म्हणे, आणि मग पुन्हा लावला. हे मी सुवर्णा निमिषला सांगत होती तेव्हा ऐकलं.

कारण मी शुगर लँडला आहे. हिमानीने मला जुन्या कपड्यांच्या दानपेटीत टाकायच्या पिशवीत भरलं होतं; सुवर्णाने पिशवी सोडली, मला बाहेर काढलं आणि स्वतःच्या बॅगेत घडी करून ठेवलं.

"आई, तिकडे नाइंटी-फाइव्ह डिग्री असतं," फोनवर निमिष ओरडला. "कोट कशाला?"

"कोणाच्या तरी अंगाला लागला पाहिजे," ती म्हणाली.

इथे बाहेर अंगाची लाही होते, पण निमिषच्या घरात एसी इतका थंड असतो, की नातवंडं शाळेत आणि मोठी माणसं कामावर गेली की सुवर्णा मला अंगावर घेते. बाह्या तिला लांब होतात, ती त्या दुमडते. खिडकीपाशी बसून ती दुसऱ्या कादंबरीपासून वाचत निघाली आहे. कधी रागाने पुस्तक पालथं घालते. कधी एकाच ओळीवर बराच वेळ थांबते.

मला तिला एक गोष्ट सांगायची आहे आणि सांगता येत नाही. नवं पुस्तक पुण्याहून आलं, की चारुदत्त पहिली प्रत वर नेऊन जेवायच्या टेबलावर ठेवायचा, तिच्या जागेसमोर. काही न बोलता. चार-आठ दिवस ती तिथे राहायची, भाजीच्या पिशव्या तिच्यावर ठेवल्या जायच्या. मग तो ती आपणच उचलून खाली आणायचा. ते पुस्तक तो लगेच कपाटात लावत नसे. मला घालून खुर्चीवर बसे आणि त्यातलं एखादं पान स्वतःशीच, हळू आवाजात वाचे, तोंड वरच्या मजल्याकडे करून. पाचही वेळा मी अंगावर होतो. दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं.

ज्यांच्या घरी कोणी लिहितं त्यांना मी काय सांगणार? आणि जे लिहितात त्यांनाही काय? मी कापड आहे. माणसाची ऊब धरून ठेवायची एवढंच मला येतं, आणि तीही फार काळ टिकत नाही.

आत्ता दुपार आहे. सुवर्णा तिसऱ्या कादंबरीच्या मध्यावर आहे. नदीकाठी कोणा मुलाची आई उभी आहे, आणि सुवर्णा ओठ हलवत वाचतेय. निमिष संध्याकाळी आला की वीज वाचवायला एसी कमी करील, आणि मग ती मला काढून कपाटात ठेवील. तिची अजून तीन पुस्तकं वाचायची राहिली आहेत. तेवढे दिवस या घरातला गारवा टिकू दे, एवढंच मागतो.